बारा ऑक्टोबरची वीणा

जी गोष्ट माणसाला स्वतःच्या तोंडानं सांगता येत नाही, ती कीर्तनकाराकडून सांगवून घ्यावी, असं निवृत्तीअण्णा बोराड्यांचं ठाम मत होतं. शेजाऱ्याच्या मोरीचं पाणी आपल्या अंगणात येतंय? महाराजांच्या कानावर घालून ठेवा. सून सासऱ्याला शिळी भाकरी वाढते? तेही घाला. महाराज नाव घेत नाहीत, बोट दाखवत नाहीत, नुसता दृष्टांत देतात, आणि दुसऱ्या दिवशी मोरी दुरुस्त होते, भाकरी ताजी होते. नाशिक रोडच्या त्यांच्या कॉलनीत हा उपाय अण्णांनी इतक्या वेळा करून पाहिला होता, की लोक आता कीर्तनाला येताना आधी आपापली मोरी तपासून येत.

प्रेसमधली नोकरी संपली तेव्हा अण्णांना घड्याळ मिळालं. पण खरी नोकरी ते कॉलनीच्या विठ्ठलमंदिरातच करत आले होते. तीस वर्षं त्यांनी टाळकरी तयार केले. टाळ कसा धरायचा, पाऊल कुठं टाकायचं, सगळं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे कीर्तनकाराला सांभाळून कधी घ्यायचं. "बोलता बोलता महाराजांचा गळा दाटला की वाट बघायची नाही," अण्णा बजावत. "पापणी लवायच्या आत गजर उचलायचा. माणूस भरल्या गळ्यानं उघडा पडता कामा नये." त्यांचे टाळकरी या बाबतीत इतके तरबेज झाले होते, की एका महाराजांना नुसता ठसका लागला, तरी त्यांनी दहा मिनिटं रामकृष्णहरी केलं होतं.

तर अशा या अण्णांना तीन वर्षं एक गोष्ट सांगता येत नव्हती.

राखी ही त्यांची एकुलती एक मुलगी. जावई अश्विन पवनचक्क्यांच्या कंपनीत होता, आणि कंपनीनं त्याला स्पेनला पाठवलं. सारागोसा नावाचं गाव. निघायच्या दिवशी नाशिक रोड स्टेशनावर सगळी कॉलनी जमलेली असताना अण्णा म्हणाले, "एकदा गेलात की तुम्ही तिकडचेच. मग इकडं यायची तसदी घेऊ नका." आत होतं वेगळंच, तोंडातून निघालं हे. गाडी हलली. त्या दिवसापासून दर रविवारी दुपारी दोनला राखीचा फोन यायचा, अण्णा तो पहिल्या घंटेलाच उचलायचे, "हं, राखी का? बरी आहेस ना? आई आहे, देतो," म्हणायचे आणि रिसीव्हर बायकोच्या हातात देऊन तिथंच वर्तमानपत्र उघडून बसायचे. वर्तमानपत्र पुष्कळदा उलटं असायचं. 

'घरी ये', एवढे दोनच शब्द. पण तीन वर्षं ते अण्णांच्या घशात चिंचोक्यासारखे अडकून बसले होते.

दोन हजार पाचच्या सप्टेंबरात राखीनं आईला फोनवर सांगितलं, की तिच्या खालच्या मजल्यावरच्या पिलारमावशी ज्येष्ठ मंडळींच्या सहलीबरोबर वेरूळ-अजिंठा बघायला येताहेत. वाटेत बारा ऑक्टोबरला एक दिवस नाशिकला मुक्काम आहे. मावशी विधवा, मूल नाही. राखीला तापात यांनीच पेज भरवली होती. पण बारा ऑक्टोबर म्हणजे त्यांच्या देशाचा राष्ट्रीय सण, आणि मावशी जन्मात पहिल्यांदा त्या दिवशी घराबाहेर. तर आई, त्यांना घरी जेवायला बोलाव, एकटं वाटू देऊ नकोस.

लताबाई फोनवर ऐकायच्या आणि एकेक वाक्य अण्णांना पोचवायच्या. अण्णा वर्तमानपत्राआडून एकेक शंका काढायचे. सण कसला? लढाई जिंकल्याचा का? नाही म्हणे. त्या दिवशी राजधानीत संचलन असतं ते आहेच, पण सण आहे तो स्पॅनिश बोलणाऱ्या सगळ्यांचा. समुद्रापलीकडं मेक्सिको, पेरू, अर्जेंटिना, असे वीसेक देश तीच भाषा बोलतात. वाटा वेगळ्या झाल्या तरी घर एक आहे, असं म्हणायचा तो दिवस. आणि सारागोसात तर त्याच दिवशी पिलारमातेचा उत्सव. ही माता खांबावर उभी आहे. सगळं गाव आपापल्या भागातले जुने पोशाख घालून फुलं घेऊन रांगेत चालतं, देशोदेशीची माणसं त्यात असतात, आणि फुलांचा डोंगर होतो. मावशींचं नावच त्या देवीवरून ठेवलेलं.

अण्णांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. "खांबावर उभी?"

"असं म्हणते ती."

"आपला विटेवर, त्यांची खांबावर. दोन्हीकडं बिचाऱ्या दैवताला बसायला म्हणून नाही." अण्णांनी राखीचा शाळेतला नकाशा काढला आणि नाशिकपासून सारागोसापर्यंत वीत ठेवून पाहिली. वीत पुरली नाही. मग बराच वेळ ते नकाशाकडं बघत राहिले. भाषा एक म्हणून घर एक, हे त्यांना एकदम पटलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी जाहीर केलं, "जेवण तू घाल. सण मी करतो." बारा ऑक्टोबरला दसराच होता. दुपारी चारला मंदिरात कीर्तन, मग पाहुण्यांना घेऊन सोनं लुटायला जायचं. कीर्तनाला घोटीचे मल्हारी महाराज. अण्णा खास घोटीला गेले आणि महाराजांच्या हातात एक कार्ड दिलं. त्यावर सहा मुद्दे होते. पाच स्पेनविषयी. सहाव्यात लिहिलं होतं: 'दूर गेलेल्या लेकरास बाप रागाने बोलला, तरी बाप वाट बघतो, तरी लेकराने घरी यावे, असा दृष्टांत घ्यावा. नाव घेऊ नये.' पाहुणीकडं व्हिडिओ कॅमेरा असणार हे राखीच्या बोलण्यात आलंच होतं. कीर्तनाचं चित्रण करायचं, टेप पिलारबाईंबरोबर सारागोसाला जाणार, राखी ऐकणार, समजणार. अण्णांना तोंड उघडावंच लागणार नव्हतं. अण्णा त्या रात्री तीन वर्षांत पहिल्यांदा घोरले.

घोटाळ्याला सुरुवात मंदिराच्या फळ्यापासून झाली. अण्णांनी खडूनं लिहिलं होतं, 'स्पेन देशाच्या राष्ट्रीय सणानिमित्त कीर्तन. प्रमुख उपस्थिती: श्रीमती पिलारबाई, सारागोसा.' कॉलनीतल्या नवसाबाईंना चष्म्याशिवाय दिसायचं नाही आणि चष्मा लावायला आवडायचं नाही. त्यांनी तो फळा दुसऱ्यांकडून अर्धाच वाचून घेतला, लताबाईंकडून ऐकलेला खांब त्याला जोडला आणि संध्याकाळपर्यंत कॉलनीभर केलं, की परदेशातल्या मोठ्या माताजी येणार आहेत, खांबावर उभं राहून तप केलंय. दसऱ्याच्या दिवशी साडेतीनला मंदिरात पाय ठेवायला जागा नव्हती. इंदिरानगरहून दोन रिक्षा भरून बायका आल्या होत्या, आणि प्रत्येकीच्या हातात झेंडूचा हार.

पिलारबाई आल्या. बुटक्या, गोल, पांढरे केस, अंगावर त्यांच्या गावाकडची फुलाफुलांची शाल, गळ्यात कॅमेरा. अण्णा हात जोडून पुढं झाले. इंग्रजीतलं स्वागत त्यांनी पाठ केलं होतं. पण बाईंनीच आधी तोंड उघडलं.

"जेवलात का?"

स्वच्छ मराठी. नुसतं मराठी नाही. 'का' जरा लांबवून, शेवटी वर नेऊन, अगदी राखीचा हेल. अण्णांचं पाठ केलेलं इंग्रजी जागच्या जागी विरलं. बाई मग दाराशी गेल्या, तिथं चपलांचा नुसता उकिरडा झाला होता, आणि वाकून एकेक जोड जुळवायला लागल्या. "चपला नीट ठेवा," त्या मान हलवत म्हणाल्या. "दार आहे, बाजार नाही."

लताबाईंनी पदर तोंडाला लावला. 'दार आहे, बाजार नाही', हे वाक्य अण्णांचं होतं. राखीच्या लहानपणी दिवसातून चारदा म्हटलेलं. शेजारच्या किशोरनं, जो बँकेत होता आणि इंग्रजीत निभावून न्यायचा, बाईंना विचारून सांगितलं, की राखी रोज जिन्यात त्यांना हे शिकवते. मराठीत त्यांना एवढीच चार-पाच वाक्यं येतात.

तेवढ्यात कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून निरोप आला. मल्हारी महाराजांचा फोन होता. घोटीपाशी ट्रक आडवा झालाय, रस्ता बंद, दोन तास तरी लागतील, तोवर मंडळींना धरून ठेवा.

 सहावा मुद्दा घोटीत ट्रकमागं अडकून पडला होता. पण तीस वर्षं यात मुरलेला माणूस तो, त्यांनी टाळकऱ्यांना उभं केलं, गेणूला मृदंगावर बसवलं आणि भजन सुरू केलं. किशोरला कॅमेरा दिला आणि सांगितलं, काही झालं तरी बंद करायचा नाही.

आता वीणेचं सांगायला हवं. या मंदिराचा शिरस्ता असा, की एकदा वीणा गळ्यात घातली की ती जमिनीवर ठेवायची नाही. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. देणारा वाकून पाया पडतो, घेणाराही पडतो. आणि वीणा ज्याच्या गळ्यात, त्याच्या पायावर येणाऱ्यानं डोकं ठेवायचं, मग तो कोणी का असेना. आणखी एक: वीणा मागून घ्यायची नाही. दिली तर घ्यायची.

त्या दिवशी वीणा होती अण्णांचे सगळ्यांत जुने टाळकरी गोटीरामबाबा यांच्या गळ्यात. बाबांना साखरेचा आजार, त्यात दसऱ्याचा दोन वाट्या बासुंदीचा अपराध. पंधरा मिनिटांत त्यांची चुळबुळ सुरू झाली. विसाव्या मिनिटाला त्यांनी डावीकडं पाहिलं, सगळे टाळात गुंतलेले. उजवीकडं पाहिलं, पिलारबाई हात जोडून उभ्या. बाबांनी वीणा काढली, बाईंच्या गळ्यात घातली, पायाला हात लावला आणि म्हणाले, "धरा माय, लय घाईचं हाय." आणि चपला न घालताच गेले.

बाईंना वाटलं, हा आपल्या सणाचा मान.

आणि नवसाबाईंना वाटलं, माताजींनी वीणा घेतली, दर्शन सुरू झालं. त्या पुढं झाल्या, हार घातला, पायांवर डोकं ठेवलं. त्यांच्यामागं इंदिरानगरच्या बायका. त्यांच्यामागं कॉलनी. रांग दाराबाहेर गेली, पिंपळाला वळसा घालून पाण्याच्या टाकीपर्यंत पोचली. झेंडूच्या हारांत बाई हनुवटीपर्यंत बुडाल्या, नुसतं डोकं वर राहिलं. रस्त्यानं जाणारे लोक कशाची रांग ते न विचारता तिला लागत होते. एक जण रॉकेलचा डबा घेऊन आला होता, असं म्हणतात.

गोटीरामबाबा परत आले आणि घाबरून अण्णांजवळ उभे राहिले. "आता कसं करायचं? मागता तर येत नाय."

"तुम्हाला दुसरं कोणी दिसलं नाही?"

"दिसन्यासारखी वेळच नव्हती, अण्णा."

आणि मग अण्णांनी पाहिलं, की पिलारबाईंनी हार गळ्यात ठेवणं आता बंद केलं होतं. येईल तो हार काढायच्या, वळायच्या, विठ्ठलाच्या पायाशी नेऊन ठेवायच्या. एकावर एक. पुन्हा वळायच्या, पुढच्याला म्हणायच्या, "जेवलात का?" आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायला हात मोकळा नव्हता. विटेपाशी फुलांचा डोंगर झाला होता. सारागोसात त्या वेळी भर दुपार असणार, आणि तिथंही असाच डोंगर व्हायला लागला असणार. रांगेतले लोक दर्शनाला आले होते. बाई आपल्या गावाची रांग चालवत होत्या. दोन्ही पक्ष आपापल्या जागी समाधानी होते, आणि चूक कोणाची ते सांगायला अण्णांना धीर झाला नाही.

रांग ओसरली तेव्हा बाई किशोरला हळूहळू काहीतरी सांगत होत्या. किशोर अण्णांकडं वळला. "त्या म्हणतात, त्यांच्या इमारतीत पेरू देशाची एक बाई राहते. ती हा सण करत नाही. तिची आजी म्हणायची, त्या दिवशी यांची जहाजं आली आणि आमचं सगळं गेलं. तर या दरवर्षी तिच्या दाराशी एक फूल ठेवतात. ती दरवर्षी ते उचलून पाण्यात ठेवते. पण दोघी अजून त्यावर एकमेकींशी बोललेल्या नाहीत. परत गेल्यावर बोलणार म्हणतात."

"किती वर्षं झाली?" अण्णांनी विचारलं.

"अकरा."

 आपली तीनच, असं मनात येऊन अण्णांना हायसं वाटलं, आणि मग हायसं वाटल्याची लाज वाटली.

तेवढ्यात बाईंनी वीणा स्वतःच्या गळ्यातून काढली, अण्णांच्या गळ्यात घातली, आणि गोटीरामबाबांनी केलं होतं तसंच, वाकून त्यांच्या पायाला हात लावला. "बसा जरा," त्या राखीच्या हेलात म्हणाल्या. "दमलात का?"

सगळं मंदिर अण्णांकडं बघत होतं. महाराज नाहीत, वीणा गळ्यात. दोन शब्द बोलणं भाग होतं. अण्णांनी आयुष्यभर कीर्तनं ऐकली होती; त्या बाजूला कधी उभे राहिले नव्हते. त्यांनी वीणेची तार छेडली.

"मंडळी, मला कीर्तन येत नाही. मी ऐकणारा माणूस," ते म्हणाले. "या बाईंच्या देशात आज सुट्टी आहे. कशाची, तर आपण लांब लांब गेलो, मधे समुद्र आला, तरी घरात बोलतो ती बोली एक आहे, याची. माझी लेक त्यांच्या गावात राहते. तिथं तिची बोली बोलणारी माणसं दोन. ती आणि जावई. ते भांडले, की एकही नाही."

लोक हसले. अण्णा हसले नाहीत.

"मग ती यांना शिकवते. काय शिकवते, तर आमचंच बोलणं. जेवलात का. चपला नीट ठेवा. मी तिला जाताना स्टेशनावर जे बोललो, ते मात्र तिनं यांना शिकवलेलं नाही. मी या आल्यापासून वाट बघत होतो, आता म्हणतील, मग म्हणतील. नाही म्हणाल्या." अण्णांनी किशोरच्या हातातल्या कॅमेऱ्याकडं पाहिलं. त्याचा लाल दिवा लुकलुकत होता. "राखी, तू…"

गळा दाटला.

पापणी लवायच्या आत बारा टाळ कडाडले. गेणूनं मृदंगावर थाप मारली. रामकृष्णहरी! तीस वर्षांच्या तालमीचं चीज झालं होतं. अण्णांचे ओठ हलत होते, सगळं सांगत होते, तीन वर्षांचं एकदम. आणि एक अक्षर कोणाला ऐकू येत नव्हतं. अण्णांनी हात वर करून थांबा म्हणून खूण केली. टाळकऱ्यांना वाटलं, आणखी चढवा म्हणताहेत.

गजर थांबला तेव्हा मल्हारी महाराज दारात उभे होते, हातात कार्ड घेऊन. पण सोनं लुटायची वेळ झाली होती, मंडळी उठली होती. महाराजांनी परिस्थिती पाहिली, पिलारबाईंच्या हातावर आपट्याचं पान ठेवलं आणि त्यांना साष्टांग नमस्कार केला. नवसाबाईंनी महाराजांनाही दाराशीच गाठून माताजींचं तप सांगितलं होतं.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी बरोबर दोनला फोन वाजला. अण्णांनी उचलला.

"अण्णा, टेप बघितली," राखी म्हणाली. "मावशींनी सगळ्या इमारतीला दाखवली. त्यांच्या सणाला इंडियात टाकीपर्यंत रांग लागते, यावर पहिल्यांदा कोणाचा विश्वास बसेना. पुढच्या वर्षी अकरा जण येणार म्हणताहेत." मग ती थांबली. "अण्णा, 'राखी, तू' एवढंच ऐकू येतं. पुढं दहा मिनिटं नुसता गजर आहे. मी तुमच्या ओठांकडं बघून बघून दमले. काय म्हणत होतात?"

अण्णांनी इकडंतिकडं पाहिलं. टाळकरी कुठंच नव्हते. "आई आहे, देतो," ते म्हणाले आणि रिसीव्हर पुढं केला.

"माझे हात बेसनाचे आहेत," लताबाई म्हणाल्या. त्यांनी हात मागं घेतले. एका हाताला बेसन नव्हतं, ते अण्णांना दिसलं.

रिसीव्हर पुन्हा कानाला लागला. बराच वेळ गेला. इतका, की अश्विननं मागून विचारलेलं ऐकू आलं, लाइन कट झाली का?

"घरी ये, म्हणत होतो," अण्णा म्हणाले.

 पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. अण्णांचा गळा भरून आला, आणि लताबाईंना काय वाटलं कोण जाणे, तीस वर्षांच्या संगतीचा गुण, त्यांनी बेसनाच्याच हातांनी टाळी धरली आणि "रामकृष्ण…" म्हणून सुरुवात केली.

"गप, गप," अण्णा रिसीव्हरवर हात ठेवून म्हणाले. "ऐकू दे. रडतेय ती."

त्या संध्याकाळी मंदिरात तालमीला अण्णांनी टाळकऱ्यांना नवा नियम सांगितला. बोलणाऱ्याचा गळा दाटला, तर लगेच उचलायचं नाही. मनातल्या मनात पाचपर्यंत मोजायचं. मगच गजर.

गोटीरामबाबांना ते काही पटलं नाही. "अन् पाच मोजून बी तो काय बोललाच नाय तर?"

अण्णांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"तर दहापर्यंत मोजा," ते म्हणाले. "तीन वर्षं लागली तरी घाई करू नका."